हातातल्या कादंबरीविषयी बोलावं कसं : वाचता वाचता मत मांडण्याची रीत

कोल्हापुरात कुणाला पुस्तकाविषयी विचारलं की उत्तर लगेच येतं. ‘लई भारी हाय, वाचच,’ नाहीतर ‘काय दम न्हाई त्यात.’ दोन्ही उत्तरं मनापासूनची असतात. पण विचारणाऱ्याच्या हाती त्यातून फारसं लागत नाही. भारी म्हणजे नेमकं काय, कुठवर वाचून झाल्यावर तसं वाटलं, दम कुठल्या पानापासून गेला, हे कळतच नाही. दुसरी सवय याच्या उलट. ‘अजून चालू आहे, संपली की सांगतो,’ असं म्हणून माणूस गप्प राहतो. कादंबरी संपते, पुस्तक ग्रंथालयात परत जातं आणि बोलणं राहून जातं.

माझं ठाम मत आहे की कादंबरीवर बोलायचा सगळ्यात चांगला काळ ती हातात असतानाचाच. कथा एका बैठकीत संपते, कादंबरी मात्र दोन-तीन आठवडे आपल्या घरात राहते. त्या दिवसांत आपलं मत रोज थोडं हलत असतं. एखादा माणूस पन्नासाव्या पानावर डोक्यात जातो आणि दोनशेव्या पानावर त्याची कीव येते. शेवट वाचून झाला की हे सगळं पुसलं जातं, कारण शेवटाचा रंग मागच्या पानांवरही चढतो. सुरुवातीची शंभर पानं किती जड गेली होती हेसुद्धा आठवत नाही. वाचता वाचता मांडलेलं मत ही हलचाल धरून ठेवतं. त्यासाठी काही सवयी लावून घ्याव्या लागतात. त्या इथे क्रमाने सांगतो.

सुरुवात : आधी जागा सांगा, मग मत

बाकी सगळं विसरलं तरी एवढं धरून ठेवा. अर्धवट वाचलेल्या कादंबरीवरचं मत जागेसकट सांगायचं. ‘मी इथवर आलोय आणि इथून मला असं दिसतंय.’

हे का लागतं ते वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’वरून (1959) चांगलं कळतं. शिरोड्याहून इथे येऊन कोल्हापूरकर झालेल्या खांडेकरांची ही कादंबरी जुन्या वाचत्या घरांत आजही सहज सापडते. तीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. फक्त ययातीचं म्हणणं ऐकून झालेल्या वाचकाचं देवयानीविषयीचं मत आणि देवयानीच्या तोंडून तिची हकिगत ऐकलेल्या वाचकाचं मत वेगळं पडणारच. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. जागा सांगितली नाही तर दोघं तासभर भांडतात, आणि एकाने अजून तो भाग वाचलेलाच नाही हे शेवटी कळतं.

आजऱ्याच्या शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’चंही (1967) तसंच. ती कर्णाच्या तोंडून सुरू होते आणि श्रीकृष्णाच्या निवेदनाने संपते. मधे कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण बोलून जातात. निवेदक बदलला की कर्णाकडे बघण्याची आपली जागाही बदलते. त्यामुळे ‘मला कर्ण पटतो’ हे वाक्य अर्धं आहे. कुणाचं ऐकून पटतो, हे सांगितलं की ते पुरं होतं.

जागा सांगताना नुसता पानाचा आकडा पुरत नाही. आवृत्तीगणिक पानं बदलतात. ग्रंथालयातली जुनी जाड प्रत, नवीन आवृत्ती आणि फोनवरचं ई-बुक यांत एकशे दहावं पान तीन वेगळ्या ठिकाणी येतं. म्हणून प्रकरण सांगा, निवेदक सांगा किंवा एखादी घटना सांगा, म्हणजे ऐकणाऱ्याला आपण पुढे आहोत की मागे हे लगेच समजतं. ‘देवयानीचं पहिलं निवेदन संपलं तिथं आहे मी’ हे सर्वांत सोयीचं.

वाचताना काय टिपून ठेवायचं

मत नंतर मांडायचं असेल तर खूण आत्ताच ठेवायला हवी. आठवणीवर भिस्त ठेवली की ‘एक छान वाक्य होतं बघ, कुठंतरी मधे’ एवढंच उरतं.

पुस्तक आपलं असेल तर पेन्सिलीने समासात बारीक खूण करावी. ग्रंथालयाचं असेल तर कागदाची चिठ्ठी घालावी. पान दुमडू नये आणि पेन अजिबात लावू नये. चिकट कागदी खुणाही जुन्या पुस्तकांना लावू नयेत. कागद ठिसूळ झालेला असतो, काढताना पृष्ठभाग सुटून येतो. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून चालत आलं आहे. अशा जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांतली प्रत आपल्यानंतरही कितीतरी हातांत जायची असते.

टिपणवही वेगळी ठेवा, साधी शंभर पानी पुरते. डाव्या पानावर लिहा आणि उजवं पान मुद्दाम कोरं ठेवा. डावीकडे तारीख, जागा आणि त्या क्षणी जे वाटलं ते. आठवड्याने मत बदललं तर डावीकडचं खोडायचं नाही. समोरच्या कोऱ्या पानावर नवीन तारीख घालून नवं मत लिहायचं. महिनाभराने दोन्ही पानं शेजारी वाचली की आपण कुठे आणि कशामुळे वळलो ते डोळ्यांपुढे येतं. या एका सवयीने बोलण्यात जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कशाने पडत नाही.

टिपायचं काय? माझ्या मते सारांश अजिबात नको. तो पुस्तकाच्या पाठीवर असतोच. आपल्या वाचण्यात जिथे काही घडलं ती ठिकाणं टिपा. कुठे थांबून परत मागे गेलो. कुठे पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं आणि का. कुठे झोप उडाली. कुठल्या माणसाचा राग आला. एखादं वाक्य आवडलं तर ते अक्षरशः, विरामचिन्हांसकट उतरून घ्या, पुढे पान लिहा. ‘साधारण असं काहीतरी म्हटलंय’ यावर चर्चा उभी राहत नाही.

विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’सारखी (1988) माणसांनी भरलेली कादंबरी असेल तर वहीच्या शेवटच्या पानावर नावांची यादी करत जा. कोण कुणाचा, कुठल्या बाजूचा, पहिल्यांदा कुठे भेटला. नावांचा गोंधळ झाला की माणूस बोलायचंच टाळतो आणि दोष स्वतःच्या डोक्याला देतो. यादी असली की धीर येतो.

शेवटची एक नोंद दर बैठकीच्या अखेरीस करा : पुढे काय होईल असं वाटतंय? दोन ओळी पुरेत. हा अंदाज चुकला तरी मोलाचा असतो. लेखकाने आपल्या मनात कुठली अपेक्षा पेरली होती हे त्यातूनच कळतं. संपूर्ण वाचून झालेल्या माणसाला ही नोंद पुन्हा कधीच करता येत नाही.

‘भारी’च्या पुढे कसं जायचं

आता मुख्य काम. मनात ‘भारी’ किंवा ‘रटाळ’ असा एकच शब्द आहे आणि त्याचं बोलण्याजोगं मत करायचं आहे. मी तीन प्रश्न वेगवेगळे विचारतो : आवडलं का? पटलं का? जमलं का?

आपण हे तिन्ही एकात कालवतो, तिथेच गडबड होते. आवडणं आपल्या मनाचं असतं, त्यावर वाद नाही. पटणं म्हणजे कादंबरीतलं माणूस जे करतं ते आपल्याला मान्य आहे का, किंवा कादंबरीतून दिसणारा विचार आपल्या विचारांशी जुळतो का. आणि जमणं म्हणजे लेखकाने जे करायला घेतलं ते कागदावर उतरलं का.

एखादी गोष्ट न पटताही जमलेली असू शकते. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (1963) वाचणाऱ्या पुष्कळ जणांना पांडुरंग सांगवीकरचं वागणं पटत नाही. तो सगळ्यांवर वैतागतो, स्वतःवरही वैतागतो. ‘हा पोरगा बापाचे पैसे उडवतोय नुसता’ असं म्हणणारा वाचक चुकीचं बोलत नाही. पण त्यावरून कादंबरी फसली असं ठरत नाही. तो वैताग आपल्या अंगावर येतो का, हा प्रश्न वेगळा विचारायला हवा. पात्राचं मत म्हणजे लेखकाचं मत असं धरून चालण्याची चूकही इथेच होते. निवेदक ‘मी’ म्हणत असेल तर जास्तच. लेखक त्या ‘मी’कडे कसा बघतो याचे धागे हळूहळू सापडतात, म्हणून अर्ध्यावर असताना ‘लेखकाला असं वाटतं’ हे वाक्य टाळावं. ‘हे पात्र असं म्हणतं’ एवढंच म्हणावं.

आता ‘रटाळ’ या शब्दाचं काय करायचं ते बघू. समजा, वहीत लिहिलंय : ‘तिसरं प्रकरण, रटाळ.’ स्वतःला विचारा, रटाळ म्हणजे काय झालं? काही घडत नव्हतं? की घडत होतं, पण कुणाच्या बाबतीत घडतंय याची मला फिकीर वाटत नव्हती? वर्णन लांबलं? तेच ते परत आलं? भाषा अडली? की मी रात्री अकरा वाजता दमून वाचत होतो? हे शेवटचं कारण प्रामाणिकपणे तपासा. तसं असेल तर ते प्रकरण सकाळी पुन्हा वाचा आणि मगच बोला. मग मत असं होतं :

‘तिसऱ्या प्रकरणात आहे. वाड्याचं वर्णन सलग सात पानं आहे आणि अजून त्या वाड्यात कोण राहतं हेच मला माहीत नाही, त्यामुळे मन लागलं नाही. पुढे या वाड्याला काही काम असेल तर मत बदलेन.’

यात जागा आहे, कारण आहे, आणि मत बदलायला वाट आहे. ऐकणारा यावर काहीतरी बोलू शकतो. ‘मला ते वर्णन आवडलं, कारण…’ असं तो सुरू करेल. ‘रटाळ’ला मात्र ‘न्हाई बा, मस्त आहे की’ याखेरीज उत्तर नसतं.

‘भारी’लाही हेच लावा. स्तुती मोघम केली की लेखकाला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही काही मिळत नाही. आवडलेल्या जागेतला एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा, मग काय आवडलं ते सांगा. वाचून दाखवणं हे मत मांडण्याचं सर्वांत खात्रीचं साधन आहे. इथल्या बैठकांत ते फार कमी होतं, याचं मला वाईट वाटतं.

अनुवादित कादंबरी असेल तर एक जादा काळजी घ्यायची. भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या उमा कुलकर्णींच्या अनुवादातून आपल्याकडे भरपूर वाचल्या जातात. अशा पुस्तकाच्या भाषेला दाद देताना ती दाद अनुवादकालाही आहे हे लक्षात ठेवून तिचं नाव घ्या. वाक्य अडखळलं तर लगेच मूळ लेखकाला बोल लावू नका.

आपल्याच मातीतली कादंबरी

कोल्हापूरच्या वाचकाला एक मोठं भाग्य लाभलं आहे. कागलचे आनंद यादव, कोवाडचे रणजित देसाई, गडहिंग्लजकडचे राजन गवस, पन्हाळ्याकडचे कृष्णात खोत… या जिल्ह्याच्या गावांनी मराठी कादंबरीला केवढं दिलंय! त्यांच्यातल्या ग्रामीण कादंबऱ्या वाचताना आपल्याला शब्दार्थ बघावे लागत नाहीत. शेतातलं अवजार, जनावराची सवय, भावकीतला डाव, सगळं ओळखीचं. पुण्या-मुंबईच्या वाचकाला जे उलगडून घ्यावं लागतं ते आपल्याला फुकट मिळतं.

पण मत मांडताना याच ओळखीचा अडथळा होतो, आणि तो ओलांडायला शिकलं पाहिजे. दोन प्रकारची वाक्यं वारंवार ऐकू येतात. एक : ‘आमच्या गावात सेम असंच आहे, म्हणून भारी.’ दुसरं : ‘आमच्याकडं असं बोलत न्हाईत, चुकलंय.’ दोन्हींत कादंबरी बाजूला राहते आणि आपलं गावच बोलायला लागतं.

यादवांची ‘गोतावळा’ (1971) घ्या. नारबा हा शेतावरचा गडी आपल्या बोलीत सगळं सांगतो. जनावरं, झाडं, पाखरं हाच त्याचा गोतावळा. त्या शेतावर ट्रॅक्टर येतो. ज्यांच्या घरी बैल विकून ट्रॅक्टर आला त्यांना हे वाचताना काही वेगळंच आठवेल, आणि ते बैठकीत जरूर सांगावं. ते सांगून झालं की कादंबरीकडे परत यायचं : ही सगळी हकिगत गड्याच्याच तोंडून का? मालकाने सांगितली असती तर काय हरवलं असतं? बोली फक्त संवादात न ठेवता सगळं निवेदनच बोलीत केल्याने वाचताना काय होतं? असे प्रश्न ओळखीच्या माणसालाच चांगले विचारता येतात, कारण त्याची निम्मी शक्ती शब्द समजून घेण्यात जात नाही.

धरणग्रस्तांवरच्या कादंबऱ्यांत हे आणखी नाजूक होतं. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ आणि खोतांची ‘रिंगाण’ या दोन्हींना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे, पहिलीला 1992 साली आणि दुसरीला 2023 साली. दोन्ही विस्थापनाच्या आहेत. या भागात धरणासाठी गाव सोडावं लागलेली कुटुंबं पुष्कळ आहेत. बैठकीत अशा घरातलं कुणी असेल तर त्याला आधी बोलू द्या, आणि त्याच्या अनुभवाला ‘पण पुस्तकात तर…’ असं म्हणून कापू नका. त्याने सांगितलेलं आयुष्य आणि लेखकाने लिहिलेली कादंबरी या दोन्ही गोष्टी बैठकीत शेजारी राहू शकतात. ‘आमच्यात असं झालं नव्हतं’ असं तो म्हणाला तर त्याने कादंबरी खोटी ठरवली असं समजू नये. लेखकाने काय निवडलं आणि काय सोडलं याची माहिती त्यातून आपल्याला मिळते.

पुढचं फोडायचं नाही, कसं ते

सगळे एकाच पानावर नसतात. नियम सोपा आहे : जो सर्वांत मागे आहे त्याच्या जागेपर्यंतचंच बोलायचं.

पण फोडणं फक्त घटना सांगून होत नाही. मागच्या वाचकाने म्हटलं, ‘हा मामा फार चांगला माणूस वाटतोय,’ आणि पुढे गेलेल्याने नुसतं हसून ‘थांब जरा’ म्हटलं, तरी सगळं सांगून झालं. मामाचं काहीतरी काळंबेरं आहे हे कळलंच. ‘शेवटी रडशील बघ,’ ‘दोनशे पानांनंतर खरी मजा आहे,’ ‘त्या पत्राकडं लक्ष ठेव,’ ही वाक्यंही त्याच जातीची. पुढे गेलेल्याने प्रश्न विचारावेत, तेही मागच्याच पानांवरचे : ‘मामा चांगला वाटला तो कशावरून? कुठला प्रसंग?’ यातून मागच्याला काही कळत नाही आणि पुढच्याला मात्र लेखकाने आपल्याला कसं फिरवलं ते नव्याने दिसतं.

ऐतिहासिक कादंबरीला हा नियम निम्माच लागतो. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर काय झालं हे सर्वांना ठाऊक आहे. तिथे निकाल झाकून ठेवण्याची गरज नाही. एखादं पात्र कुठल्या मनःस्थितीत त्या दिवसापर्यंत पोहोचतं, ते मात्र झाकून ठेवा. पौराणिकाचंही तसंच. कर्णाचा शेवट माहीत असूनही माणसं ‘मृत्युंजय’ रात्र जागून वाचतात.

चार जण जमवायचे असतील तर

एकट्याने वही लिहिणं चांगलंच, पण सोबत वाचणारे असले की खरी रंगत. पाच ते सात जण पुरेत. त्याहून जास्त झाले की दोघं-तिघं बोलतात आणि बाकीचे ऐकून घरी जातात.

वेग आधी मोजा. प्रत्येकाने घरी वीस मिनिटं वाचून पानं मोजावीत. समजा, बारा झाली. रोज अर्धा तास दिला तर अठरा, आठवड्याला सव्वाशे. सण, पाहुणे, दुखणी धरून शंभरच पानं ठरवा. चारशे पानांची कादंबरी अशी चार बैठकांत बसते. सर्वांत हळू वाचणाऱ्याचा आकडा धरायचा, सरासरी नाही. आणि बरोबर शंभराव्या पानावर थांबू नका. जवळचं प्रकरण संपतं तिथे किंवा निवेदक बदलतो तिथे थांबा.

प्रती कशा मिळवायच्या याचा विचार आधीच करावा. सगळ्यांनी विकत घ्यायची गरज नाही. दोन प्रती ग्रंथालयातून, दोन घराघरांतल्या जुन्या, एखादी नवीन, अशी जुळणी होते. ग्रंथालयाची मुदत बैठकांच्या तारखांशी जुळवून घ्या आणि ग्रंथपालांना सांगून ठेवा. बहुतेक ग्रंथपालांना असं काही चाललंय याचा आनंदच होतो.

जागेचं म्हणाल तर उन्हाळ्या-हिवाळ्यात रंकाळ्याच्या काठासारखी जागा नाही, फक्त खाऊगाड्यांपासून लांबची शांत बाजू धरा. विद्यापीठाचा परिसरही चांगला. तिथे खांडेकरांचं स्मृतिसंग्रहालय आहे, ‘ययाति’ वाचत असाल तर एक बैठक त्या भेटीला जोडून घ्या. जूनपासून चार महिने मात्र छपराखालीच बसावं लागतं. कुणाच्या तरी घरचा सोपा, नाहीतर ग्रंथालयाची खोली. रविवार दुपार ठेवू नका, घरोघरी मटणाचा बेत असतो आणि कुणी वेळेवर येत नाही. शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेसात ही वेळ बहुतेकांना जमते.

बैठकीत कोण आधी बोलणार

याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. आपल्याकडे बैठकीत एखादे निवृत्त सर असतात, एखादे ज्येष्ठ काका असतात. मान म्हणून त्यांना पहिल्यांदा बोलायला सांगितलं जातं. सर एकदा ‘ही कादंबरी फसलेली आहे’ म्हणाले की कॉलेजच्या मुलाची आपल्याला आवडली असं म्हणायची छाती होत नाही. म्हणून सर्वांत लहान माणसापासून सुरुवात करा आणि सरांना शेवटी बोलायची विनंती करा. आधी नीट सांगितलं तर कुणाला राग येत नाही, उलट शेवटचा शब्द आपला म्हणून मानच वाटतो.

पहिल्या फेरीत प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं, वहीत लिहिलेलंच वाचायचं, आणि मधे कुणी तोंड घालायचं नाही. वहीतलं वाचायचं अशासाठी की दुसऱ्याचं ऐकून आपलं मत तिथल्या तिथे फिरवायचा मोह होतो. दुसऱ्या फेरीत खुशाल भांडा.

भांडण चांगलं झालं की ते साधारण असं ऐकू येतं :

‘काकू, तुमचं पटतंय, पण तो सगळ्यांसमोर गप का बसला हेच मला कळंना झालंय.’

‘अरे बाळा, थोरल्या भावापुढं तोंड उघडायची सोय नसती. आमच्या घरात बघितलंय मी.’

‘मग ते लेखकानं दाखवाय नको हुतं? मला कसं कळणार?’

‘दाखवलंय की. जेवणाच्या पंगतीत बघ, थोरला उठल्याशिवाय कोण हात धूत न्हाई.’

‘कुठल्या पानावर?’

‘कुठल्या पानावर?’ हा प्रश्न आला की समजा बैठक जमली. सगळे पानं उलटायला लागतात आणि वाद माणसांकडून पुस्तकाकडे जातो. आवाज चढले तर बैठक चालवणाऱ्याने हाच प्रश्न विचारावा.

दुसऱ्याचं मत खोडताना ‘तुम्हाला कळलं नाही’ हे वाक्य कायमचं बंद. ‘मला ते वेगळं दिसलं, सांगू का?’ असं म्हणावं. ज्येष्ठांशी असहमत होतानाही हे चालतं आणि अदब सुटत नाही.

दोन बैठकांच्या मधे मोबाइलवरच्या ग्रुपवर लिहिणार असाल तर पहिल्या ओळीत कादंबरीचं नाव आणि कुठवर वाचलं ते लिहा, चार ओळी मोकळ्या सोडा आणि मग मत. मागे असलेला माणूस तिथेच थांबू शकतो.

मधेच सोडलेली कादंबरी

सोडायला हरकत नाही. पण सोडलेल्या कादंबरीवर बोलताना जास्त जबाबदारीने बोलावं. ‘दीडशे पानांवर सोडली, कारण सगळ्या बाया एकसारख्याच बोलतात असं वाटलं’ हे मत पूर्णपणे रास्त आहे. त्या दीडशे पानांविषयीच ते आहे. ‘पुस्तक बेकार आहे’ म्हणायचा हक्क मात्र उरलेली पानं वाचल्याशिवाय मिळत नाही. सोडण्यापूर्वी एकदा दुसऱ्या वेळी, दुसऱ्या जागी बसून पुढची वीस पानं वाचून बघा. शांत घरात न चाललेली कादंबरी कधी कधी एसटीच्या लांबच्या प्रवासात चालू लागते. काही पुस्तकं वयाआधी हातात येतात. त्यांच्यापुढे वहीत ‘नंतर’ असं लिहून ठेवा.

संपल्यावरची बैठक

शेवटची बैठक कादंबरी संपल्या दिवशी ठेवू नका. आठवडाभर जाऊ द्या. येताना प्रत्येकाने वही आणायची आणि तीन नोंदी वाचून दाखवायच्या : पहिल्या बैठकीतलं मत, जो अंदाज सर्वांत जास्त चुकला तो, आणि उजव्या पानावर सर्वांत शेवटी लिहिलेलं. मत बदललं असेल तर ते कुठल्या प्रसंगाने बदललं ते पान उघडून दाखवायचं. बदललं नसेल तर तेही सांगा. पहिल्या पन्नास पानांत जे वाटलं तेच शेवटपर्यंत वाटलं, ही त्या कादंबरीविषयीची मोठी माहिती आहे.

याच बैठकीत पुढची कादंबरी ठरवून टाका. निवडताना आळीपाळीने एकेकाने नाव सुचवावं, आणि सुचवणाऱ्याने ती आधी वाचलेली नसावी. वाचलेली असेल तर तो चार आठवडे राखणदारासारखा बसून राहतो आणि सगळ्यांबरोबर अडखळण्याचा आनंद त्याला मिळत नाही. नाव ठरलं की तिथेच पानं मोजा, थांबायच्या चार जागा लिहून घ्या आणि कुणाकडे प्रत आहे ते विचारा.